जुने ट्वीट, आजची शिक्षा: खेळाडूंच्या दहा वर्षांपूर्वीच्या पोस्टचं करायचं काय?

तिसरा_पंच

इंग्लंडचा फास्ट बोलर ऑली रॉबिन्सनचं प्रकरण आता जुनं झालं. पण अधूनमधून कुठल्या ना कुठल्या खेळात तसंच काहीतरी वर येतं आणि वाद पुन्हा पहिल्या बॉलपासून सुरू होतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. लांबलंय, आधीच सांगून ठेवतो.

२ जून २०२१, लॉर्ड्स, न्यूझीलंडविरुद्ध रॉबिन्सनचं कसोटी पदार्पण. सकाळी इंग्लंडचा संघ भेदभावाविरुद्धच्या घोषणा छापलेले टी-शर्ट घालून मैदानात रांगेत उभा होता, रॉबिन्सनही त्यात होता. खेळ चालू असतानाच त्याचे २०१२ ते २०१४ दरम्यानचे ट्वीट फिरायला लागले. मुस्लिम, आशियाई, बायका, कोणालाच सोडलेलं नव्हतं. ते इथे उतरवत नाही, त्यांचा प्रसार व्हायचा तेवढा झालाय. पहिल्याच दिवशी लॅथम आणि टेलरची विकेट काढलेला बोलर संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर माफीचं निवेदन वाचत होता. सामन्यात त्याने एकूण सात विकेट्स घेतल्या, ४२ रन्स केल्या, आणि सामना संपला त्या संध्याकाळी इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने (ईसीबी) त्याला निलंबित केलं.

शिक्षा आली महिनाअखेरीला: आठ सामन्यांची बंदी, त्यातले पाच दोन वर्षांसाठी स्थगित, आणि ३,२०० पाउंड दंड. उरलेले तीन सामने? ते तोवर भोगून झाले होते. एक कसोटी हुकली होती आणि त्याची काउंटी ससेक्सच्या दोन टी-२० सामन्यांतून त्याने स्वतःच माघार घेतली होती. म्हणजे ज्या दिवशी शिक्षा जाहीर झाली, त्याच दिवशी तो खेळायला मोकळा झाला. ऑगस्टमध्ये भारताविरुद्ध उतरला, चार कसोटीत २१ विकेट्स घेतल्या आणि हेडिंग्लीला सामनावीर ठरला.

मला खटकतं ते शिक्षा कमी की जास्त हे नाही. ती ठरली कशी, हे खटकतं. ट्वीट सार्वजनिक होते. बोर्डाला, काउंटीला, निवड समितीला, कोणालाही सात-आठ वर्षांत कधीही ते बघता आले असते. कोणी बघितले नाहीत. बाहेरच्या कोणीतरी शोधले आणि बोंब झाली, मग बोर्डाने जाहीर केलं की सगळ्यांच्याच जुन्या पोस्ट्सचा आढावा घेऊ. बैल गेला आणि झोपा केला.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. ही जुनी मढी कधी उकरली जातात ते बघा. बेसबॉलपटू जॉश हेडर, जुलै २०१८: ऑल-स्टार सामन्यात खेळतोय आणि स्टेडियममध्ये लोक फोनवर त्याचे २०११ चे ट्वीट वाचतायत. बेसबॉलचाच पिचर शॉन न्यूकम, त्याच महिन्यात: नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता पूर्ण केलेला सामना) एका स्ट्राइकवर हुकला, कारकिर्दीतला सगळ्यात मोठा दिवस, आणि खेळ संपेपर्यंत जुने ट्वीट हजर. अमेरिकन फुटबॉलचा जॉश ॲलन: एनएफएल ड्राफ्टच्या, म्हणजे लीगमधले संघ नवे खेळाडू निवडतात त्याच्या, आदल्या रात्री. त्याच खेळातला कायलर मरे: कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइसमन ट्रॉफी मिळाली त्या रात्री. फुटबॉलर आंद्रे ग्रे: बर्नली क्लबकडून लिव्हरपूलला गोल मारला त्या दिवशी. पोस्ट जिला झोंबायला हवी होती ती व्यक्ती हे शोधत नव्हती. शोधणाऱ्याला खेळाडूचा मोठा दिवस हवा होता, किंवा बातमी हवी होती. त्यामुळे मजकूर किती वाईट यापेक्षा सापडला कधी आणि किती गाजला, यावर शिक्षेचं माप ठरतं.

माझं म्हणणं एवढंच: नियम आधी लिहा. वय किती होतं, तेव्हा तो तुमचा नोंदणीकृत खेळाडू होता का, माफी कधी मागितली, पकडल्यावर की आधी, यांपैकी कशाला किती वजन हे कागदावर असू द्या. टीव्हीवरचा गदारोळ बघून रविवारी संध्याकाळी काढलेला हुकूम म्हणजे शिस्त नव्हे, ती जनसंपर्क विभागाची धावपळ.

---

लेग_बाय

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

अनुराधा_न

लेख चांगला आहे, पण सगळा खेळाडूच्या बाजूने कॅमेरा लावून लिहिलाय. शोधणाऱ्याचा हेतू वाईट होता, वेळ वाईट होती, सगळं मान्य. म्हणून मजकूर बदलतो का? रॉबिन्सन ज्या ड्रेसिंग रूममध्ये शिरला त्याच बोर्डाच्या संघांतून मुस्लिम खेळाडू खेळतात, बायका खेळतात. एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीने ते ट्वीट २०२१ मध्ये पहिल्यांदा वाचले असतील तर तिच्यासाठी ते त्या दिवशीचेच आहेत. तिला "अगं, ते जुनं आहे" म्हणून काय समजूत घालणार?

आणि वयाचं. अठराव्या वर्षी व्यावसायिक करार करायला तो मोठा, पगार घ्यायला मोठा, मतदान करायला मोठा, फक्त ट्वीट निघाले की "पोरगा होता हो". ही सवलत आवडत्या खेळाडूंनाच मिळते. आपला तो बाब्या.

---

तिसरा_पंच

@अनुराधा_न, शिक्षा नको असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण वयाबद्दल एक गोष्ट जोडतो. रॉबिन्सन निलंबित झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी विस्डेन या क्रिकेट प्रकाशनाच्या वेबसाइटने इंग्लंडच्या आणखी एका खेळाडूचा वंशभेदी ट्वीट आपल्याला सापडल्याची बातमी दिली. पण लिहिताना तो सोळाच्या आतला होता म्हणून नाव छापलं नाही. आता याच्याशेजारी मरेला ठेवा. त्याचे ट्वीट चौदा-पंधराव्या वर्षीचे, आणि नाव-फोटोसकट देशभर. दोन देश, दोन रिवाज. मला पहिला पटतो.

---

अनुराधा_न

पंधरा वर्षांच्या मुलाचं नाव छापू नये, हे मलाही मान्य. अठरा-एकोणीसच्याला मी त्या रांगेत बसवणार नाही, एवढाच फरक.

---

बिनतारी

तांत्रिक बाजू कोणीच बघत नाहीये म्हणून लिहितो.

२०१२ साली ट्विटरवर जुनं काही शोधणं जवळपास अशक्य होतं. सर्चमध्ये थोड्या दिवसांपूर्वीचंच यायचं. त्याच्या मागे जायचं तर त्या माणसाची टाइमलाइन उघडून खाली खाली सरकवत बसायचं, आणि तीही ३,२०० ट्वीटच्या पुढे जायची नाही. म्हणून लोक तिथे बडबड केल्यासारखं लिहायचे, उद्या कोण बघतंय या समजुतीने. नोव्हेंबर २०१४ मध्ये ट्विटरने २००६ पासूनचे सगळे सार्वजनिक ट्वीट शोधता येतील अशी सोय केली. त्यानंतर खात्याचं नाव, दोन तारखा आणि एक शिवी टाकली की काम झालं. रॉबिन्सन आणि ग्रे दोघांचेही ट्वीट या बदलाच्या आधीचे, हा योगायोग नाही. त्या वयात, त्या काळात लिहिणाऱ्यांची एक अख्खी पिढी यात सापडली.

यातून ते निर्दोष ठरत नाहीत. पण "सार्वजनिक लिहिलं होतं, माहीत असायला हवं होतं" हे वाक्य २०१२ ला तितकंसं लागू होत नाही.

आणि ३,२०० ची गंमत अजून आहे. पुष्कळांनी "जुने ट्वीट उडवा" छापाची ॲप्स चालवली आणि निर्धास्त झाले. त्यातली बरीच ॲप्स फक्त ताजे ३,२०० बघू शकायची. वीस हजार ट्वीट असलेल्याचे सगळ्यात जुने, म्हणजे सगळ्यात घातक, तिथेच राहायचे. ते काढायला खात्याची संपूर्ण फाइल मागवून घ्यावी लागते आणि ती ॲपला द्यावी लागते. हा उपद्व्याप कोण करतो?

---

लेग_बाय

@बिनतारी, आणि स्क्रीनशॉटचं काय?

---

बिनतारी

त्याला औषध नाही.

---

नेटमधला_कोच

मी ज्युनियर गटातल्या मुलामुलींना शिकवतो, त्यामुळे रोज बघतो ते सांगतो. प्रत्येकाची किमान दोन खाती असतात. एक आई-बाबा, कोच आणि निवड समितीसाठी: त्यात बॅट, ट्रॉफी, नमस्काराचे हात. दुसरं खासगी, त्यात पन्नास-साठ मित्र. मागच्या मोसमात एका मुलाने त्या दुसऱ्या खात्यावरची पोस्ट मला स्वतःहून दाखवली, कारण त्यात विकेटकीपरची नक्कल होती आणि त्याला ती फार विनोदी वाटत होती. विकेटकीपर तोतरा बोलतो. तेरा जणांनी खाली हसरे चेहरे टाकले होते. त्यात त्या विकेटकीपरचाही एक होता.

आता ही पोस्ट दहा वर्षांनी निघाली तर काय म्हणायचं? ज्याची नक्कल केली त्याने हसून दाखवलं होतं, म्हणजे चाललं? मी दोघांना वेगवेगळं बसवून बोललो. विकेटकीपर म्हणाला, हसलो नसतो तर अजून केली असती.

माझ्या मते बोर्डांनी पैसे खर्च करायचे तर ते इथे. करार हातात देताना शिष्टाचाराचं चोपडं देतात आणि सही घेतात. ते कोणी वाचत नाही. चौदा-पंधराच्या वयात कोणीतरी समोर बसून बोलायला हवं.

---

अनुराधा_न

@नेटमधला_कोच, "हसलो नसतो तर अजून केली असती." तेव्हा कोणी तक्रार केली नाही, याचा अर्थ कोणाला लागलं नाही असा लावणाऱ्यांनी हे वाचावं.

---

कलम_आणि_पोटकलम

धागाकर्त्याने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात, त्या सोडवून बघू.

एक म्हणजे शिस्तभंगाची कारवाई. ती नियामक संस्था करते: क्रिकेटमध्ये ईसीबी, इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये एफए वगैरे. त्यासाठी तो माणूस तेव्हा त्यांच्या नियमांखाली असावा लागतो. आंद्रे ग्रेचे समलिंगी लोकांविरुद्धचे ट्वीट २०१२ चे होते, तेव्हा तो खालच्या लीगमध्ये होता आणि त्याला कोणी ओळखत नव्हतं. पण नोंदणीकृत फुटबॉलर होता. म्हणून २०१६ मध्ये एफएला त्याच्यावर चार सामन्यांची बंदी आणि २५,००० पाउंड दंड लावता आला. चार वर्षं मधे गेली याने आरोप रद्द होत नाही.

दुसरी म्हणजे कराराची बाब. क्लबला तुम्ही नको असाल तर तिथे नियमावलीचा प्रश्नच नाही. फुटबॉलर सर्जी ग्वार्डिओला (प्रसिद्ध प्रशिक्षक पेप ग्वार्डिओलाशी नातं नाही) याला बार्सिलोनाने डिसेंबर २०१५ मध्ये आपल्या ब संघासाठी घेतलं. काही तासांत त्याचे बार्सिलोना आणि कॅटलोनियाला शिव्या देणारे जुने ट्वीट निघाले आणि त्याच दिवशी करार रद्द! सकाळी सही, रात्री बाहेर. यात कोणी सुनावणी घेतली नाही, घ्यायची गरजही नव्हती.

तिसरी गोष्ट निवडीची. रॉबिन्सनबाबत बोर्डाने आधी संघाबाहेर काढलं आणि सुनावणी नंतर झाली. चौकशी होईपर्यंत निलंबन हे नोकरीतही होतं, त्यात गैर काही नाही. गैर एवढंच की तीच मुदत नंतर शिक्षेत वळती केली, त्यामुळे शिक्षा झाली की नाही तेच लोकांना कळेना.

---

तिसरा_पंच

@कलम_आणि_पोटकलम, छान सोडवलंत. फक्त ग्वार्डिओला प्रकरणात माझा मुद्दा उलट अधिक पक्का होतो. खेळाडू घेताना त्याचे गुडघे, घोटे, हृदय सगळं तपासतात. खातं उघडून बघायला दहा मिनिटं लागली असती.

---

चौथ्या_स्लिपमधून

कोणी इंग्लंडच्या मॉर्गन-बटलरचं नाव काढत नाहीये ते बरंय. 😀 रॉबिन्सननंतर आठवड्याभरातच त्या दोघांचे भारतीयांच्या इंग्रजीची टर उडवणारे जुने ट्वीट फिरले. ते अठराचे नव्हते, चांगले स्थिरावलेले आंतरराष्ट्रीय खेळाडू होते. बोर्ड म्हणालं, बघतो. मॉर्गन त्याच महिन्यात श्रीलंकेविरुद्ध कर्णधार म्हणून टॉसला गेला. आणि तेव्हा तो केकेआरचाही (आयपीएलमधला कोलकात्याचा संघ) कर्णधार होता, त्याच वर्षी संघाला आयपीएल फायनलपर्यंत घेऊन गेला. आपल्याकडच्या ज्या लोकांनी जूनमध्ये संताप व्यक्त केला त्यातल्या कितींनी ऑक्टोबरमध्ये टीव्ही बंद ठेवला? नवख्याला लगेच घरी पाठवता येतं. कर्णधाराला पाठवायचं तर मोसमाचं नियोजन बदलावं लागतं.

आणि राजकारण्यांनीही हात धुऊन घेतले. रॉबिन्सनचं निलंबन अति झालं असं ब्रिटनचे सांस्कृतिक मंत्री म्हणाले, पंतप्रधान जॉन्सननी त्यांची री ओढली. क्रिकेटशी घेणं-देणं किती हे सांगायला नकोच.

---

अनुराधा_न

@चौथ्या_स्लिपमधून, हा दुजाभाव मात्र शंभर टक्के मान्य.

---

संथ_विकेट

मला या सगळ्यात सगळ्यात अवघड वाटतं ते इंग्लंडमधला क्रिकेटपटू अझीम रफीकचं प्रकरण. यॉर्कशायर काउंटी क्लबमध्ये आपल्याला वंशभेदाला कसं तोंड द्यावं लागलं हे त्याने १६ नोव्हेंबर २०२१ ला ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर सांगितलं, सांगताना तो रडला. क्लबची पाळंमुळं हलली. आणि दोनच दिवसांनी त्याचे स्वतःचे २०११ चे फेसबुक मेसेज बाहेर आले, ज्यूंविषयीचे, घाणेरडे. त्याने लगेच माफी मागितली, सबबी सांगितल्या नाहीत. पुढे शिस्त समितीने त्यालाही ताकीद दिली.

तेव्हा काही लोकांनी लगेच निष्कर्ष काढला की बघा, हाही तसलाच, म्हणजे त्याची तक्रारही खोटी. हा कुठला न्याय? त्याचा मेसेज वाईट होता आणि त्याच्यावर जे झालं तेही वाईट होतं. एकातून दुसरं वजा होत नाही. पण ते मेसेज त्या वेळीच बाहेर पडले यामागे कोणाला तरी नेमकी ही वजाबाकी हवी असावी, असं मला वाटतं. पुरावा नाही, मत आहे.

---

तिसरा_पंच

@संथ_विकेट, हे उदाहरण मी मुद्दाम टाळलं होतं कारण धागा भरकटेल असं वाटलं. बरं झालं आणलंत. माफीचा दर्जा यावर खरंच बोलायला हवं. "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे सगळ्यात स्वस्त. "मी आता तसा राहिलो नाही" ही पुढची पायरी, पण ते सिद्ध कसं करणार? रफीकने आपण काय लिहिलं ते कबूल केलं आणि ज्यू समाजाची थेट माफी मागितली. "माझ्यासोबतही असंच झालं" म्हणून दया मागितली नाही, जी तो सहज मागू शकला असता.

---

पडद्यामागचा

मी खेळाडूंची खाती सांभाळणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करायचो. नाव विचारू नका. नवा खेळाडू आला की पहिला आठवडा हेच काम: खात्याची फाइल मागवायची, शब्दांची यादी लावून गाळायची. यादी बनवणं हाच मोठा उद्योग आहे. जातीवाचक, धर्मवाचक, प्रांतवाचक, बायकांवरचे, दिसण्यावरचे, आणि हे सगळे रोमन लिपीत पाच-पाच प्रकारच्या स्पेलिंगमध्ये. शिव्या सापडतात. सापडत नाही तो टोमणा, ज्यात एकही वाईट शब्द नसतो. गाण्याच्या ओळी तर डोकेदुखीच: खेळाडू म्हणतो मी गाणं लिहिलं होतं, लोकांना दिसतं ते त्याचं वाक्य. वर उल्लेख आलेल्या जॉश ॲलननेही काही ट्वीटबद्दल हेच सांगितलं होतं.

पोस्ट काढल्या तरी लाइक राहतात. दुसऱ्याच्या घाणेरड्या पोस्टवर याचा लाइक. तो कोणी तपासत नाही.

एक प्रांजळपणे सांगतो: या कामात खेळाडूला आपण काय लिहिलं होतं ते वाचायला कोणी बसवत नाही. यादी येते, आम्ही उडवतो, तो बिल भरतो. मी एकदा एकाला म्हटलं होतं, उडवण्याआधी एकदा नजर टाक. म्हणाला, वेळ नाही, तुम्ही बघा.

---

नेटमधला_कोच

@पडद्यामागचा, हे वाचून वाईट वाटलं पण आश्चर्य वाटलं नाही.

---

लेग_बाय

पॉपकॉर्न संपले, आता गंभीर प्रश्न. प्रेक्षकांचं काय? हेडर त्या प्रकरणानंतर पहिल्यांदा आपल्या मैदानावर आला तेव्हा त्याच्या मिलवॉकी संघाच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लीगने त्याला फक्त संवेदनशीलतेचं प्रशिक्षण घ्यायला सांगितलं होतं. टाळ्या कशासाठी होत्या, माफीसाठी की फास्टबॉलसाठी?

---

अनुराधा_न

@लेग_बाय, दोन्हीसाठी असतील. पण त्या ट्वीटमध्ये ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं त्यातलाही कोणी त्या स्टँडमध्ये बसला असेल, आणि आजूबाजूचे सगळे उभे राहताना तो काय करत असेल, हे मनात येतं.

---

चौथ्या_स्लिपमधून

कडक शिक्षेचं एक उदाहरण राहिलं. ग्रीसची तिहेरी उडीची खेळाडू वुला पापाख्रिस्तू. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या तोंडावर आफ्रिकन स्थलांतरितांवर वंशभेदी विनोद टाकला आणि तिच्याच देशाच्या ऑलिंपिक समितीने तिला संघातून काढलं. चार वर्षांची मेहनत एका ट्वीटवर. ट्वीट जुना नव्हता, त्याच दिवसांतला होता, त्यामुळे "तेव्हा लहान होते" ही पळवाट नव्हती. पुढे रिओला गेली आणि २०१८ मध्ये बर्लिनला युरोपियन विजेती झाली. म्हणजे कडक शिक्षेनेही आयुष्य संपत नाही. अशीच एकदाची मोठी शिक्षा द्या आणि विषय संपवा.

---

नेटमधला_कोच

@चौथ्या_स्लिपमधून, ती परत आली कारण ती युरोपातली सर्वोत्तम होती. रॉबिन्सन परत आला कारण इंग्लंडला तसा बोलर हवा होता. माझ्या हाताखालची नव्वद टक्के मुलं "चांगली" या गटातली आहेत, "त्याच्याशिवाय चालणारच नाही" या गटातली नाहीत. त्यांच्यातल्या एखाद्याची अशी पोस्ट निघाली तर निलंबन, सुनावणी, स्थगित शिक्षा यातलं काहीच होणार नाही. पुढच्या यादीत नाव नसेल, आणि का नाही हेही त्याला कोणी सांगणार नाही.

---

तिसरा_पंच

@नेटमधला_कोच, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं असं कोणी म्हणायच्या आत जोडून टाकतो: लेखी नियम हवा तो मुख्यतः या मुलांसाठी. त्यात एक कलम असं टाकायला हवं की जुन्या पोस्टमुळे नाव वगळलं तर कारण लेखी कळवायचं आणि उत्तर द्यायची एक संधी द्यायची. @कलम_आणि_पोटकलम, निवड समितीवर असं बंधन घालता येतं का?

---

कलम_आणि_पोटकलम

घालता येतं, पण कुठलीही निवड समिती ते आपणहून मान्य करणार नाही. "फॉर्म बघून वगळलं" हे त्यांचं हुकमी उत्तर आहे आणि ते खोडून काढणं महाकठीण. खेळाडूंच्या संघटनेने कराराच्या मसुद्यात घुसवलं तरच. ज्युनियर गटात तर करारही नसतो आणि संघटनाही नसते. तिथून सुरुवात करावी लागेल.